ओठ जड झाला, दाढ जागीच होती

"ओठ जड झाला का?"

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. खालची उजवी दाढ किडली होती, ती भरायची होती. ओठ खरंच जड झाला होता. बोट लावलं तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. मी मान हलवली. ड्रिल सुरू झालं आणि थोड्याच वेळात अशी कळ मस्तकात गेली की मी खुर्चीतून अर्धा उठलोच. डॉक्टरांनी खांदा दाबून परत आडवं केलं. "ओठ जड झालाय ना? मग दुखणारच नाही. उगाच नाटकं करू नकोस." बाबा दाराशी उभे होते. तेही म्हणाले, "अरे, एवढा घोडा झालास, जरा कळ काढ."

मी कळ काढली. खुर्चीच्या हातांवर नखं रुतवून काढली. घरी येताना दुखण्यापेक्षा लाज जास्त वाटत होती. डॉक्टर सांगतायत दुखत नाही, आणि आपल्याला दुखतंय, म्हणजे खोट आपल्यातच असणार. ही समजूत मी पुढे एकतीस वर्षं सांभाळली आणि तेवढी वर्षं दातांच्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. दात घासताना हिरडीतून रक्त आलं तर ब्रश बदलायचा, एका बाजूने चावता येईनासं झालं तर दुसऱ्या बाजूने चावायचं, असे माझे उपाय चालले होते.

डाव्या खालच्या दाढेने मात्र कुठलीच सोय ठेवली नाही. आधी गार पाण्याने सणक यायची आणि लगेच जायची. मग ती रेंगाळायला लागली. एक घोट घेतला की मिनिटभर गाल धरून उभं राहायचं. शेवटी पाण्याचीही गरज उरली नाही. रात्री आडवा झालो की ठणका सुरू. उशांवर उशा रचून बसल्या बसल्या डुलकी काढायची, मान कलली की पुन्हा ठणका. तिसऱ्या रात्री दोन वाजता बायको उठून बसली आणि म्हणाली, "तुला भीती वाटते हे मला कळतं. पण तुझी ही दाढ आता मलाही झोपू देत नाहीये."

सकाळी गेलो.

डॉक्टर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असाव्यात. त्यांनी एक्स-रे काढला, मग कापसाच्या छोट्या बोळ्यावर कसलासा गार फवारा मारून तो आधी शेजारच्या चांगल्या दाताला टेकवला. गार लागलं, बोळा काढताच गेलं. मग दुखऱ्या दाढेला टेकवला. बोळा लगेच काढला, तरी कळ जागची हलेना. डॉक्टर घड्याळाकडे बघत थांबल्या. अर्ध्या मिनिटाच्या वर गेल्यावर म्हणाल्या, "दाढेच्या आतली नस सुजलीय, आणि ती आता परत पहिल्यासारखी होणार नाही. रूट कॅनॉल करू या. दाढ वाचेल."

मी एवढंच म्हणालो, "डॉक्टर, मला भूल लागत नाही."

त्या हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या दाताला लागली नव्हती? वरच्या की खालच्या?"

"खालच्या."

"ओठ जड झाला होता?"

"झाला होता."

"आणि तरी दुखलं?"

"हो."

"मग दाढेला भूल लागली नव्हती. ओठाला लागली होती."

एवढं साधं वाक्य! पंधराव्या वर्षी कुणी म्हणालं असतं तर माझे पाच-सहा दात तरी आज बऱ्या अवस्थेत असते. नेमकं त्या वेळी काय चुकलं हे आज सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या. पण असं होतं, वरचेवर होतं, आणि त्यात पेशंटच्या धीराचा काही संबंध नसतो.

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी जबडा काढून दाखवला. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं, त्यामुळे दाताच्या मुळाजवळ हिरडीत औषध सोडलं की ते झिरपत आत पोचतं. खालच्या जबड्यात दाढांच्या बाजूचं हाड जाड आणि घट्ट. तिथे मोठ्या माणसांत एवढ्याने सहसा भागत नाही. म्हणून नस जिथून जबड्याच्या हाडात शिरते तिथेच तिला गाठायचं. ती जागा शेवटच्या दाढेच्याही मागे, आतल्या अंगाला. तिथून ती नस हाडातल्या बोगद्यातून पुढे जाते, वाटेत दाढांना आणि दातांना फाटे देते आणि हनुवटीच्या बाजूला एका भोकातून बाहेर पडून ओठाकडे जाते.

"म्हणजे दोर एकच," त्या म्हणाल्या, "पण पेड वेगळे. ओठाकडे जाणारे पेड भिजले आणि दाढेकडे जाणारे कोरडे राहिले, असं होऊ शकतं. ओठ जड झाला म्हणजे औषध साधारण बरोबर जागी पडलंय एवढं मला कळतं. दाढ झोपली की नाही ते दाढेलाच विचारावं लागतं." शिवाय नस हाडात शिरते ती जागाही प्रत्येकाची थोडी वर, थोडी खाली. बाहेरून ती दिसत नाही. अंगठ्याने हाडाची कड चाचपून अंदाज घ्यायचा. काहींच्या दाढेला दुसऱ्याच एखाद्या नसेचा बारीकसा फाटाही येतो, तो या इंजेक्शनच्या टप्प्याबाहेर राहतो.

आणि मग जी गोष्ट डॉक्टर लोक सहसा आधी बोलत नाहीत ती त्यांनी बोलून टाकली. "तुमच्या या दाढेला भूल देणं सोपं नाहीये. आतली नस एवढी सुजलेली असली की पहिलं इंजेक्शन पुष्कळदा कमी पडतं. पडलं तर माझ्याकडे पुढचे उपाय आहेत. ते सगळे लागतील असं नाही, पण तुम्हाला माहीत असलेले बरे."

'काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल' या वाक्याने माझ्या पोटात नेहमी गोळा येतो. त्या दिवशी कमी पडू शकतं हे ऐकून मात्र जिवात जीव आला. दुखलं तर ते दुखणं हिशेबात धरलेलं होतं.

कमी का पडतं, हे मी विचारलं. माझी एक खोड आहे, घाबरलो की प्रश्न विचारत सुटतो. डॉक्टरांनी चित्राशेजारी आणखी एक चित्र काढलं. नसेच्या आवरणात सोडियमसाठी बारीक बारीक दारं असतात. ही दारं ओळीने उघडत जातात आणि तशी कळ पुढे पुढे सरकत मेंदूपर्यंत जाते. भुलीचं औषध हे दार आतल्या बाजूने अडवतं. त्यासाठी त्याला आधी नसेचं आवरण ओलांडून आत शिरावं लागतं, आणि ओलांडता येतं ते फक्त औषधाच्या विद्युतभार नसलेल्या रेणूंना. सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असते. आम्लतेत औषधाच्या बहुतेक रेणूंना भार चिकटतो, मग ते दाराबाहेरच ताटकळत राहतात.

मी म्हणालो, "पण सूज दाढेत आहे. इंजेक्शन तर तुम्ही इतकं मागे देणार."

"बरोबर पकडलंत," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नुसत्या आम्लतेने सगळं उलगडत नाही. सूज आली की ती सगळी नसच चवताळते. एरवी गप्प राहिली असती अशा बारीकशा गोष्टीनेही ठणकायला लागते. तिच्यातली दारंही बदलतात. काही दारं अशी असतात की हे औषध त्यांना नीट अडवू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मिळाली. "उपाशी येऊ नका, नीट खाऊन या," असं बजावून सांगितलं होतं. दातांच्या खुर्चीत माणसं सगळ्यात जास्त कोसळतात ती औषधाने नव्हे, भीतीने. रक्तदाब एकदम उतरतो आणि चक्कर येते. पोट रिकामं असेल तर आणखीच. म्हणून खुर्ची आधीच पाठीवर निजवली होती, पाय डोक्याच्या किंचित वर. रक्तदाब मोजला. वजन विचारलं. वजन कशाला, या माझ्या चेहऱ्यावरच्या प्रश्नाला उत्तर आलं, "औषधाची जास्तीत जास्त मात्रा वजनावर ठरते. आज एकापेक्षा जास्त नळ्या लागू शकतात, मी मोजून कागदावर लिहीत जाईन." हृदयाचा त्रास, चालू असलेल्या गोळ्या, कशाची अ‍ॅलर्जी, सगळं विचारून झालं.

मग म्हणाल्या, "डावा हात वर केलात की मी थांबेन. का ते नंतर विचारेन, आधी थांबेन. एकदा करून दाखवा."

मी हात वर केला. त्यांनी हातात धरलेला, नुसताच फिरत असलेला ड्रिल खरोखर थांबवला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, पण त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं माझ्या. दिव्याचा उजेड डोळ्यांवर होता म्हणून बरं.

आधी हिरडीमागची जागा कापडाने कोरडी करून तिथे जेल लावलं. ते दोन मिनिटं राहू द्यायचं असतं. गोडसर वास आणि खाली कडवट चव. जीभ चुकून तिथे गेली तर तीही टोकाशी बधिर झाली. या जेलने फक्त वरचं कातडं सुन्न होतं, सुई आत खोल जाते तिथपर्यंत ते पोचत नाही, हे मला आधी सांगितलेलं होतं. सिरिंज मला दिसली नाही. ती हनुवटीच्या खालून, नजरेच्या कक्षेबाहेरून आली. ही त्यांची रीत असावी.

"तोंड जेवढं उघडता येईल तेवढं मोठं उघडा." डाव्या गालात त्यांचा अंगठा, जबड्याच्या कडेवर रोवलेला. सुई टोचली ते जवळजवळ कळलं नाही. ती आत जात राहिली ते कळलं. दुखत नव्हतं, पण आपल्या जबड्याला एवढी खोली आहे हे ज्ञान त्या वेळी नको होतं. अध्येमध्ये त्या जरासं औषध सोडत पुढे सरकत होत्या. आणि मग एकदम जिभेच्या टोकापर्यंत विजेचा झटका. डावा हात आपोआप वर.

त्या थांबल्या. "जिभेकडे वीज गेल्यासारखं झालं?" मी घशातून हुंकार दिला. "सुई जिभेच्या नसेला चाटून गेली. किंचित मागे घेते, मग औषध सोडते." सुई हलली. मग हाडाला टेकल्यासारखं काहीतरी वाटलं. त्यांनी दट्ट्या आधी जरा मागे ओढला; सिरिंजमध्ये रक्त येत नाही, म्हणजे सुईचं टोक रक्तवाहिनीत नाही, याची ती खात्री. मग औषध. त्या घाई करत नव्हत्या. भिंतीवर घड्याळ होतं आणि मी सेकंद काट्यावर नजर लावून बसलो होतो. त्याला दीड फेरी होऊन गेली तरी नळी संपली नव्हती. नळी म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, जेमतेम पावणेदोन मिलिलिटर. पण भसकन ढकललं की तिथल्या मांसावर ताण येतो आणि तोच दुखतो. सुई दुखते असं लोक म्हणतात. माझ्यापुरतं सांगायचं तर पंधराव्या वर्षी दुखली होती ती घाई.

मिनिटभरात छातीत धडधडायला लागलं. हेही आधी सांगितलं होतं म्हणून मी गप्प पडून राहिलो. औषधात २ टक्के लिडोकेन होतं आणि सोबत अगदी थोडं अ‍ॅड्रेनॅलिन, ८०,००० भागांत १ भाग. अ‍ॅड्रेनॅलिन तिथल्या रक्तवाहिन्या आक्रसून धरतं, त्यामुळे औषध रक्तातून लगेच वाहून जात नाही आणि जास्त वेळ टिकतं. त्यातलं थोडं रक्तात जातंच, ती धडधड. पाच-सात मिनिटांत ओसरली. याच धडधडीला पुष्कळ लोक 'मला भुलीची अ‍ॅलर्जी आहे' असं समजून बसतात म्हणे.

मग ओठाचा कार्यक्रम सुरू झाला. आधी डाव्या कडेला कोमट वाटलं. मग मुंग्या. मग त्या मुंग्या मध्यापर्यंत येऊन थांबल्या, जणू कुणी हनुवटीवर उभी रेघ मारली होती. रेघेच्या अलीकडचा ओठ माझा, पलीकडचा परका. तो सुजून गालाएवढा झालाय असं वाटत होतं. मी आरसा मागितला. ओठ होता तेवढाच होता. बोटाने दाबून पाहिलं. बोटाला ओठ कळत होता, ओठाला बोट कळत नव्हतं.

"ओठ जड झाला का?"

एकतीस वर्षांनी तोच प्रश्न, तेच शब्द. मी म्हणालो, "हो." म्हणजे "हो"सारखं काहीतरी, अर्धी जीभही परकी झाली होती.

आणि इथे डॉक्टरांनी ड्रिल उचलला नाही. आणखी काही मिनिटं थांबल्या, मग कालचाच कापसाचा बोळा, कालचाच गार फवारा. दाढेला टेकवला. ओठ दगडासारखा, हनुवटी दगडासारखी, आणि त्या दगडाच्या आत खोल कुठेतरी ती ओळखीची कळ. बारीक, पण तीच. माझा हात वर जायच्या आत त्यांनी बोळा काढला होता.

"दाढ जागी आहे," त्या म्हणाल्या. आवाजात कसलंच आश्चर्य नव्हतं.

मला आतून जे वाटलं त्याला सुटकाच म्हणावं लागेल. कुणीतरी पुरावा दाखवल्यासारखं वाटलं. ओठ मेलेला आणि दाढ जिवंत, दोन्ही एकाच वेळी, साक्षीदारासमक्ष.

पुढचा उपाय दाढेच्या बाहेरच्या अंगाला, गालाकडच्या हिरडीत. औषध वेगळं, आर्टिकेन. लिडोकेनपेक्षा ते हाडातून बरं झिरपतं, म्हणून मागच्या इंजेक्शनला जोड म्हणून तिथे देतात. ती जागा आधीच बऱ्यापैकी बधिर असल्याने टोचलेलं कळलंही नाही. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा बोळा. या वेळी काहीच नाही. बोळा खरंच लावलाय का, अशी मला शंका आली आणि मी डोळे फिरवून पाहिलंसुद्धा.

ही वाट बघण्याची दहा-पंधरा मिनिटं फार विचित्र जातात. पुढच्या काही दिवसांत मी या औषधाबद्दल वाचत सुटलो, तेव्हा कळलं की या शोधाच्या कहाणीत ओठ आणि जीभ मधूनमधून डोकावत असतात. सुरुवात कोकेनपासून. १८८४ साली कार्ल कोलर यांनी ते डोळ्याच्या शस्त्रक्रियेत वापरता येतं हे दाखवलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड यांनी जबड्याच्या याच नसेजवळ ते टोचून पाहिलं होतं. म्हणजे माझ्या तोंडात झालेला खटाटोप सव्वाशेहून अधिक वर्षं जुना. हॉलस्टेड आणि त्यांचे सहकारी हे प्रयोग स्वतःवर करत आणि त्यात त्यांना कोकेनचं व्यसन जडलं. पुढे १९०५ च्या सुमारास आल्फ्रेड आइनहॉर्न यांचं प्रोकेन आलं, त्याने व्यसनाची धास्ती गेली. आणि लिडोकेनचा उगम तर एका चाखण्यात आहे. स्वीडनमध्ये १९३० च्या दशकात होल्गर एर्टमन हे रसायनशास्त्रज्ञ एका वनस्पतीतल्या द्रव्यावर काम करत होते. प्रयोगशाळेत बनवलेला एक पदार्थ त्यांनी जिभेवर ठेवून पाहिला आणि जीभ बधिर झाली. तो धागा धरून निल्स लोफग्रेन यांनी एकामागून एक संयुगं बनवली आणि १९४३ साली लिडोकेन हाती लागलं. बेंग्ट लुंडक्विस्ट या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने ते स्वतःला टोचून तपासलं. १९४८ पासून ते बाजारात आहे. लिग्नोकेन म्हणतात तेही हेच.

असो. खुर्चीत परत येतो. दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला. आता तोंडात फक्त ती एकच दाढ डॉक्टरांसमोर, बाकी सगळं पडद्यामागे. ड्रिल सुरू झाला. कवटीत घुमणारा आवाज, पाण्याचा फवारा, जळकट वास. दाब कळत होता, थरथर कळत होती, दुखत नव्हतं. भूल ठरावीक क्रमाने काम करते असं त्यांनी सांगितलं होतं: दुखणं आधी जातं, स्पर्श आणि दाब सगळ्यात शेवटी, आणि दाब बहुतेक वेळा पूर्ण जातच नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला मला वेळ लागला. घाबरलेल्या माणसाला प्रत्येक थरथर ही कळेची पहिली पायरी वाटते. दोनदा हात अर्धा वर नेला आणि खाली घेतला. दोन्ही वेळा ड्रिल थांबला. "अर्धा हातसुद्धा चालतो," पडद्यापलीकडून आवाज आला.

तिसऱ्यांदा हात पूर्ण वर गेला. ड्रिल खोल, नसेच्या छपराशी पोचला होता आणि सणसणीत कळ आली. डोळ्यांपुढे काजवे. ड्रिल थांबला तसे तेही विझले.

"नस आली. इथेच ती शेवटचं भांडते," डॉक्टर म्हणाल्या. आता दाढ आणि हाड यांच्यामध्ये जो पातळ तंतूंचा पदर असतो त्यात औषध. बारीक सुई दाताच्या कडेने हिरडीच्या फटीत रोवायची आणि जोर लावून दाबायचं. तिथे जागाच नसते, औषध जबरदस्तीने शिरवावं लागतं. मला एवढंच जाणवलं की दाढ कुणीतरी आतून वर उचलतंय. थेंब-दोन थेंब, मग दुसऱ्या कडेला थेंब-दोन थेंब. इथे वाट बघावी लागत नाही, परिणाम जवळजवळ लगेच. "यानेही नाही भागलं तर थेट नसेतच सुई. ती एक क्षण झोंबते, हे आधीच सांगते. लागेल असं वाटत नाही." लागली नाही.

ड्रिल पुन्हा सुरू झाला. मी कळेची वाट बघत राहिलो. ती आली नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की माझी बोटं खुर्चीच्या हातावरून सुटली आहेत आणि पोटावर सैल पडली आहेत. नंतरच्या तासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. बारीक सुयांनी मुळांतल्या नळ्या साफ झाल्या, धुतल्या, आत औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट. मधे मला चक्क डुलकी लागली. तीन रात्रींची झोप थकलेली होती.

निघताना डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, भूल उतरेपर्यंत काही चावायचं नाही; बधिर ओठ आणि गाल दाताखाली आले तर कळत नाही. लहान मुलं गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी सुजलेला, जखमी ओठ घेऊन परत येतात. दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. "ओठ अजून जड आहे म्हणून गोळी घ्यायला उशीर करू नका. आतली भूल तास-दीड तासात उतरते, ओठाची तीन-चार तास टिकते." म्हणजे हा ओठ जातानाही खोटं बोलतो तर! आधी दाढ जागी असताना झोपल्याचं सांगतो आणि नंतर आतलं सगळं जागं झालं तरी स्वतः झोपून राहतो.

घरी येऊन चूळ भरायला गेलो तर पाणी डाव्या कोपऱ्यातून शर्टावर. नऊ वर्षांच्या मुलीला हा खेळच मिळाला. "बाबा, आता चिमटा काढू? कळलं? आता? आता कळलं?" तिने माझा ओठ ओढून पाहिला, टिचकी मारली, त्यावर पेनाने एक ठिपकाही काढला. मला काहीच कळत नव्हतं. "म्हणजे तुला काही दुखतच नाहीये?" तिने विचारलं. मी म्हणालो, "ओठाला नाही." तेवढ्यात जबड्यात मंद ठणका सुरू झालाच होता. गोळी घेतली. अडीचच्या सुमारास हनुवटीत मुंग्या आल्या, मग ओठाची कड परत आली, आणि सगळ्यात शेवटी जिभेची बाजू. त्या रात्री मी आडवा झोपलो.

पुढचे तीन दिवस तोंड पूर्ण उघडत नव्हतं. मागे जिथे सुई गेली होती तिथला स्नायू दुखत होता. बायको म्हणाली, "दातखीळ बसली तरी बोलणं काही कमी झालं नाही." फोन केला तेव्हा डॉक्टरांनी गरम पाण्याच्या पिशवीने शेक आणि हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम सांगितला. चौथ्या दिवशी मोकळं झालं.

दहा दिवसांनी पुढची बैठक होती. डाव्या दाढेतलं उरलेलं काम झालं, आणि तेव्हाच मी उजवी दाढही दाखवली. ती, पंधराव्या वर्षाची. जुन्या भरावाच्या कडेने कीड आत गेली होती. ती काढून नव्याने भरायची ठरली, तिसऱ्या खेपेला. पुन्हा जेल, पुन्हा अंगठा, पुन्हा सेकंद काट्याची दीड फेरी. झटका या वेळी नव्हता. मुंग्या आल्या, हनुवटीवरच्या रेघेपाशी थांबल्या.

"ओठ जड झाला का?"

"ओठ झाला," मी म्हणालो. "दाढेचं तुम्ही बघा."

डॉक्टर कापसाचा बोळा आधीच हातात घेऊन बसल्या होत्या.